जनगणनेनंतर गट, गण, प्रभाग आखतं कोण? आमदारांच्या हातात नेमकं काय असतं?

गिरणाकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. पारावर रोज एकच वाद चाललाय, म्हणून इथे टाकतो. एकजण म्हणतो, आमदारानेच गाव उचलून दुसऱ्या गटात टाकलं. दुसरा म्हणतो, आमदाराच्या हातात काहीच नसतं, सगळं तहसीलच्या टेबलावर ठरतं. तिसऱ्याने कुठेतरी वाचलंय की अमेरिकेत दर जनगणनेनंतर राज्याचे आमदारच मतदारसंघांचा नकाशा आखतात, म्हणजे आपल्याकडेही तसंच असणार.

मला एवढं समजून घ्यायचंय: विधानसभेचे मतदारसंघ, जिल्हा परिषदेचे गट आणि शहरातले प्रभाग यांच्या रेघा कोण ओढतं, कोणत्या आकड्यांवर ओढतं, आणि प्रारूप म्हणजे कच्ची रचना लागल्यावर हरकत कशी लिहिली तर ती टिकते? "गावावर अन्याय झाला" असं लिहून शंभर सह्या जोडल्या तर उपयोग होतो का, तेही सांगा.

---

पांझराथडी

भाऊ, पारावरचे तिघेही थोडे थोडे बरोबर आहेत, पण तिघे वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल बोलताहेत. आधी तेवढं सुटं करू.

विधानसभा आणि लोकसभा. हे काम परिसीमन आयोगाचं. संसदेने कायदा करायचा, मग आयोग नेमला जातो. देशभरासाठी आतापर्यंत १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ च्या कायद्यांखाली चार वेळा आयोग बसले. शेवटच्या देशव्यापी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. सोबत निवडणूक आयोगाचा एक सदस्य आणि त्या त्या राज्याचे निवडणूक आयुक्त. आमदारांचा प्रवेश एवढाच की प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. ते बोलू शकतात, मसुद्यावर वेगळं मत लिहून देऊ शकतात, ते मत मसुद्यासोबत छापलंही जातं. पण त्यांना मतदानाचा अधिकार नाही आणि अंतिम आदेशावर त्यांची सही चालत नाही. आदेश राजपत्रात आला की तो कायद्यासारखा. विधानसभेपुढे ठेवतात, पण विधानसभेला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही.

खान्देशात याचा परिणाम २००९ च्या निवडणुकीपासून दिसला. एरंडोल लोकसभा नकाशावरून गेली आणि रावेर आली. धुळे लोकसभा आधी अनुसूचित जमातीसाठी राखीव होती, ती खुली झाली. विधानसभेत पारोळा, यावल, कुसुंबा, तळोदे, अक्राणी ही नावं संपली, एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे पथ्य त्या वेळी पाळलं होतं. लोकसभेला ते लागू नव्हतं. म्हणून तर बुलढाण्याचं मलकापूर रावेर लोकसभेत आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे दोन्ही मतदारसंघ व बागलाण धुळे लोकसभेत. राज्यात ४८ खासदार आणि २८८ आमदार, म्हणजे प्रत्येक लोकसभेत सहा विधानसभा. हा पाढा कुठेही चुकत नाही.

एक घोळ नेहमी होतो. एकूण जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली, पण २००८ च्या रेघा २००१ च्या जनगणनेवर ओढलेल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संख्या गोठवली, ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली, आणि २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने आतल्या सीमांसाठी २००१ चे आकडे घ्यायला वाट करून दिली. म्हणून "लोकसंख्या वाढली तरी आमच्या जिल्ह्यात आमदार का वाढले नाहीत?" या प्रश्नाचं मूळ तुमच्या जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षा राज्यांमधल्या एकूण वाटणीत आहे.

गट, गण आणि प्रभागांचं गणित पूर्ण वेगळं. तिथे आमदारांचा हात आहे, पण गाव उचलण्यात नाही. ते खाली कोणीतरी नीट सांगेलच.

---

अनेरखोरे

मी सांगते.

जिल्हा परिषदेचा गट म्हणजे कायद्याच्या भाषेत निवडणूक विभाग आणि पंचायत समितीचा गण म्हणजे निर्वाचक गण. एका गटाचे बरोबर दोन गण. कायदा १९६१ चा, आणि तो विधिमंडळाचा. आमदारांचा हात तो इथेच. एकूण सदस्य किती, शहरातला प्रभाग एक सदस्याचा की चार सदस्यांचा, रचना करायचा अधिकार कोणाचा, हे सगळं विधिमंडळ कायद्यात लिहितं. संख्या बदलली की प्रत्येक गावाची रेघ आपोआप हलते, मग तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत कोणी बोटही लावलेलं नसलं तरी.

२०२२ साल बघा. जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या किमान ५० आणि कमाल ७५ होती, ती ५५ ते ८५ केली. सरकार बदललं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा ५० ते ७५. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतला. त्यावर ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की ११ मार्चपूर्वीची, म्हणजे या बदलाआधीची रचना धरून पुढे चला. महापालिकांमध्ये आधी तीन सदस्यांचा प्रभाग ठरला, मग पुन्हा चारचा. दर वेळी तीच जनगणना, २०११ ची. जनगणना बदलली नाही तरी नकाशा तीनदा बदलू शकतो तो असा.

शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच म्हटल्यावर राज्य सरकारने रचनेचे आदेश काढले. जिल्हा परिषदांचं वेळापत्रक असं होतं: १४ जुलै २०२५ पर्यंत कलेक्टरांनी प्रारूप लावायचं, २१ जुलैपर्यंत हरकती, २८ जुलैपर्यंत कलेक्टरांचे अभिप्राय विभागीय आयुक्तांकडे, ११ ऑगस्टपर्यंत आयुक्तांची सुनावणी आणि निर्णय, १८ ऑगस्टपर्यंत अंतिम रचना. आपले तिन्ही जिल्हे (जळगाव, धुळे, नंदुरबार) नाशिक विभागात, त्यामुळे निर्णय नाशिकच्या आयुक्तांचा.

तारखा मुद्दाम दिल्या. हरकतीला सात दिवस मिळतात, आणि त्यातले दोन दिवस "कोणीतरी प्रारूपाचा फोटो टाका रे" करण्यात जातात. पुढच्या वेळी तारखा वेगळ्या असतील, मुदत फार मोठी असेल असं धरून चालू नका.

---

नकाशावाला

आता गणित. हरकत टिकते ती इथे.

पायरी पहिली, ग्रामीण लोकसंख्या. जिल्ह्याच्या लोकसंख्येतून महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि छावणी क्षेत्र वजा करायचं. शेंदुर्णी, मुक्ताईनगर अशी गावं नगरपंचायत झाली की त्यांची सगळी लोकसंख्या जिल्हा परिषदेच्या हिशोबातून जाते. तालुक्यात एक गट का कमी झाला म्हणून लोक कोणावर तरी खापर फोडतात, बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

पायरी दुसरी, भागाकार. समजा ग्रामीण लोकसंख्या २८,५६,००० आणि जागा ६८. (आकडे उदाहरणाचे आहेत, कुठल्या जिल्ह्याला लावू नका.) एका गटाला सरासरी ४२,०००. आता तालुका घ्या, ग्रामीण लोकसंख्या १,७२,०००. भागिले ४२,००० म्हणजे ४.१, तर तालुक्याला चार गट, आठ गण. गट तालुक्याची हद्द ओलांडत नाही.

पायरी तिसरी, तालुक्याची स्वतःची सरासरी. १,७२,००० भागिले ४ म्हणजे गटाला ४३,००० आणि गणाला २१,५००. दहा टक्के खाली-वर चालतं. म्हणजे गट ३८,७०० ते ४७,३०० आणि गण १९,३५० ते २३,६५०. इथे जिल्ह्याची सरासरी धरून चालत नाही. समजा दुसऱ्या तालुक्यात १,०५,००० लोक आहेत. भागाकार २.५, गट तीन दिले, तर सरासरी ३५,००० येते. जिल्ह्याच्या ४२,००० शी ताडली तर हा आख्खा तालुका दहा टक्क्यांच्या बाहेर. असा तालुका "आमच्याकडे गट लहान आहेत" म्हणून हरकत घेत नाही, शेजारचा घेतो, आणि ती फेटाळली जाते.

पायरी चौथी, गावं जुळवणं. गाव फोडायचं नाही, ग्रामपंचायत शक्यतो एका गणात ठेवायची, गावांची शिवारं एकमेकांना लागून हवीत, मधे नदी, डोंगर, रेल्वे असेल तर ते बघायचं. गटाला नाव त्यातल्या जास्त लोकसंख्येच्या गावाचं.

आता गिरणाकाठ भाऊंची हरकत. समजा गाव 'अ', लोकसंख्या २,३००, पहिल्या गणात पडलंय आणि त्याला दुसऱ्यात जायचंय. पहिल्या गणाची बेरीज २२,४००, दुसऱ्याची २१,९००. गाव काढलं तर पहिला गण २०,१०० वर येतो, चालतंय. पण दुसरा २४,२०० होतो आणि २३,६५० ची मर्यादा फुटते. हरकत इथेच मेली. शंभर सह्या असोत की हजार.

हीच हरकत अशी लिहा: गाव 'अ' दुसऱ्या गणात घ्यावं आणि त्याच्या बदल्यात सीमेवरचं गाव 'ब', लोकसंख्या १,१००, पहिल्या गणात द्यावं. पहिला गण २१,२००, दुसरा २३,१००. दोन्ही मर्यादेत. दोन गण वेगवेगळ्या गटांत असतील तर दोन्ही गटांची नवी बेरीजही दाखवा. सोबत दोन्ही गावांची शिवारं नव्या गणाला लागून आहेत हे दाखवणारा नकाशा. एवढं केलं की सुनावणीत समोरच्याला "शक्य नाही" एवढ्यावर भागवता येत नाही. शक्य असल्याचं तुम्ही आकड्यात दाखवलेलं असतं, त्यांना दुसरं कारण द्यावं लागतं.

आणि 'ब' गावाला आधी विचारा. नाहीतर तुमच्या हरकतीवर त्यांची हरकत येते आणि दोन्ही एकाच कागदावर निकालात निघतात.

---

गिरणाकाठ

नकाशावाला दादा, हे अदलाबदलीचं कोणीच सांगत नाही. गावाची लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमधली लावली तर चालेल? तिथे आता २,९०० च्या आसपास लोक आहेत.

---

नकाशावाला

नाही चालणार. घटनेतच लोकसंख्येची व्याख्या आहे: ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत ती लोकसंख्या. २०२५ ची रचना त्यामुळे २०११ वरच झाली. ग्रामपंचायतीचं रजिस्टर, रेशनकार्डं, मतदारसंख्या, आधार, काहीही जोडलं तरी बाजूला ठेवतात. जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ जाहीर झालेली आहे. त्या मोजणीचे आकडे प्रसिद्ध झाले की पुढच्या रचनेला ते लागू होतील, तोवर २,३०० म्हणजे २,३००.

आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेतून घ्या आणि गावाच्या नावासोबत जनगणनेचा सहा अंकी गाव संकेतांक लिहा. आपल्याकडे हे फार लागतं. बुद्रुक-खुर्द तर आहेच, वर प्रगण्याची शेपटं. धुळ्याकडे मोहाडी प्र. लळिंग वेगळी आणि मोहाडी प्र. डांगरी वेगळी. नुसतं "मोहाडी" लिहिलेल्या हरकतीचं काय होईल ते बघा. पिंप्री, वडगाव, खेडी असल्या नावांचंही तेच.

अजून एक. गट ग्रामपंचायतीत तीन-चार महसुली गावं असतात. २०११ नंतर ग्रामपंचायत विभागली असेल तर प्रारूपात कधी जुनी जोडी धरलेली असते. ही चूक कारकुनी असते आणि विभाजनाची अधिसूचना जोडली तर दुरुस्त होते. मोठ्या राजकीय आरोपांपेक्षा असल्या साध्या हरकती जास्त मान्य होतात.

---

मेहरूण

शहराचं मी टाकतो, कारण प्रभागाचं गणित गटापेक्षा वेगळं आहे आणि जळगाव-धुळ्याची माणसं इथे आहेत.

महापालिकेची सदस्यसंख्या कायद्यात टप्प्यांनी दिली आहे. तीन लाखांवर आणि सहा लाखांपर्यंत लोकसंख्या असेल तर किमान ६५ सदस्य, आणि तीन लाखांवरच्या प्रत्येक १५,००० ला एक जास्त, कमाल ८५. जळगाव शहराची २०११ ची लोकसंख्या ४,६०,२२८. वरचे १,६०,२२८ भागिले १५,००० म्हणजे १०.६८, पूर्ण दहाच धरायचे. ६५ अधिक १०, म्हणून ७५ नगरसेवक. ७५ ला चारने भाग जात नाही, म्हणून १८ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तीनचा, एकूण १९. धुळ्यात ७४ आहेत: १७ प्रभाग चारचे आणि दोन तीनचे, तेही १९ च.

मर्यादा काढू. ४,६०,२२८ भागिले ७५ म्हणजे एका सदस्यामागे ६,१३६. चार सदस्यांच्या प्रभागाला २४,५४५, दहा टक्के धरून साधारण २२,०९१ ते २७,०००. तीनच्या प्रभागाला १८,४०९ सरासरी, म्हणजे १६,५६८ ते २०,२५०. तीन सदस्यांचा प्रभाग लहान दिसतो म्हणून दर वेळी कोणीतरी हरकत घेतं. भागाकार केला असता तर कागद वाचला असता.

शहरात गावाच्या जागी प्रगणक गट असतो. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाने मोजलेला घरांचा पट्टा. तो फोडायचा नाही, कारण फोडला तर अर्ध्या पट्ट्याची लोकसंख्या कुठल्याच कागदावर नाही. म्हणून कधी कधी प्रभागाची रेघ गल्लीतून विचित्र वळण घेते. सगळे म्हणतात अमक्याचं घर आत घ्यायला वळवली. तसं कधी असेलही, पण आधी प्रगणक गटाचा नकाशा मागवून बघा. रेघ प्रगणक गटाच्या कडेनेच गेली असेल तर हरकतीत दम नाही. प्रगणक गट मधून कापला असेल तर तोच तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा.

प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, ईशान्येकडून पूर्वेला येऊन पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. हद्द शक्यतो मोठा रस्ता, नाला, नदी, रेल्वे यांवरून जावी. जळगावात लोहमार्ग आणि महामार्ग शहर चिरत जातात, त्या रेघा आयत्याच मिळतात. ज्या प्रभागाचा तुकडा रुळांच्या पलीकडे टाकलाय तो शोधा. तिथे हरकतीला भौगोलिक सलगतेचा आधार मिळतो.

प्रारूपात प्रत्येक प्रभागाची चतुःसीमा शब्दांत लिहिलेली असते: "उत्तर: अमक्या चौकापासून तमक्या नाल्यापर्यंत..." ती हातात घेऊन नकाशावर बोट फिरवा. नकाशा एक सांगतो आणि शब्द दुसरं, असं सापडलं तर लगेच लिहा. नंतर मतदार यादी फोडताना ही विसंगती भोवते.

---

धडगाव_घाट

सपाटीवरच्या लोकांनी नकाशा म्हटला की चटकन अंतर मोजू नये, एवढंच सांगायला आलो. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात दोन गावं नकाशावर शेजारी दिसतात, शिवाराला शिवार लागलेलं असतं, पण मधे दरी. रस्त्याने जायचं तर घाट उतरून फिरून यावं लागतं. नर्मदेच्या काठाला सरदार सरोवराचं पाणी शिरल्यापासून काही पाड्यांना बोट हाच रस्ता. अशा ठिकाणी "सलग आहे" हे प्रारूपातलं वाक्य खरं असतं, आणि तरी निरुपयोगी असतं.

हरकतीत किलोमीटर लिहिताना रस्त्याचं अंतर लिहा आणि पावसाळ्यात कोणता फरशी पूल बुडतो तेही. गावाच्या नावाखाली पाडे किती आणि कोणता पाडा गावठाणापासून किती लांब, तेही. महसुली गाव फोडता येत नाही, म्हणजे सगळे पाडे एकाच गणात जाणार. तेव्हा मागणी पाड्याची न करता आख्ख्या गावाची करावी लागते.

आरक्षणाचं वेगळं सांगायला हवं. २०११ ला नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातीची लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या वर. तेवढ्या प्रमाणात जागा घटनेनेच राखीव. मग ओबीसींसाठी जागा ठेवल्या की एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या कितीतरी वर जातं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात यावरच बोट ठेवलं आणि नंदुरबारच्या ११ व धुळ्याच्या १५ जिल्हा परिषद जागा रिकाम्या झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या पोटनिवडणुका झाल्या. या जागांच्या सीमा एका इंचानेही बदलल्या नव्हत्या. रचना आणि आरक्षण या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. रचनेच्या हरकतीत "आमचा गट महिला राखीव करू नका" लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सोडत नंतर निघते, तिची हरकत नंतर.

---

पांझराथडी

धडगाव दादांच्या मुद्द्याला जोडून. दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, पण पहिलीचा दुसरीवर परिणाम होतो. अनुसूचित जाती-जमातीच्या जागा ठरवताना त्या लोकसंख्येच्या टक्केवारीनुसार गट उतरत्या क्रमाने लावतात. सीमेवरचं एखादं मोठी आदिवासी वस्ती असलेलं गाव इकडचं तिकडे गेलं की गट त्या यादीत वर-खाली सरकतो. त्यात ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमांनी चक्रानुक्रमासाठी २०२५ च्या रचनेवरची निवडणूक पहिली धरली, म्हणजे आधी कोणता गट राखीव होता ते मोजायचं नाही, यादी वरून सुरू. सीमेवरच्या गावाची ओढाताण का होते ते कळायला हे पुरेसं आहे. हरकत लिहिताना मात्र हे कारण लिहू नका, ते ग्राह्य नाही. लोकसंख्या, सलगता, दळणवळण, ग्रामपंचायत अखंड ठेवणं, या चारांतच बोला.

---

वाघूर

अमेरिकेचं कोणीतरी विचारलं होतं. तिथे खरंच राज्याचे आमदार आखतात. शून्याने संपणाऱ्या प्रत्येक वर्षी १ एप्रिल ही जनगणनेची तारीख. एक वर्षाच्या आत जनगणना खात्याने घरांच्या पट्ट्यापर्यंतचे आकडे राज्यांना द्यायचे. मागच्या वेळी साथीमुळे ते १२ ऑगस्ट २०२१ ला मिळाले आणि सगळ्यांची पळापळ झाली. मग बहुतेक राज्यांत मतदारसंघांचा नकाशा साध्या विधेयकासारखा दोन्ही सभागृहांत मंजूर होतो आणि गव्हर्नरची सही होते, किंवा तो नकार देतो. केंद्राच्या सभागृहाच्या ४३५ जागांचे नकाशेही बहुतेक राज्यांत असेच ठरतात. २०२० च्या मोजणीनंतर टेक्सासला दोन जागा वाढून ३८ झाल्या, कॅलिफोर्नियाची एक घटून ५२ झाल्या. आपल्याकडे जे गोठवलंय ते तिकडे दर दहा वर्षांनी वाहतं.

समान लोकसंख्येची सक्ती १९६० च्या दशकातल्या निकालांनी आली. त्यापूर्वी काही राज्यांनी कित्येक दशकं नकाशाला हातच लावला नव्हता. राज्याच्या सभागृहांसाठी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान मतदारसंघ यांच्यात एकूण दहा टक्क्यांपर्यंत फरक सहसा खपवून घेतात, केंद्राच्या जागांसाठी जवळपास शून्य. आपला दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली म्हणजे वीसचा पट्टा, हा फरक लक्षात घ्या.

आमदारच आखणार म्हटल्यावर काय होतं ते नावातच आलंय: जेरीमँडरिंग. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने झालेला एक मतदारसंघ सॅलॅमँडरसारखा दिसत होता, तिथून तो शब्द. पद्धती दोन: विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात कोंबायचे, म्हणजे ती एक जागा ते प्रचंड फरकाने जिंकतात आणि बाकीच्या हरतात. किंवा त्यांची वस्ती चार मतदारसंघांत फोडायची, म्हणजे कुठेच बहुमत नाही. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशात केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत. दहा वर्षं थांबण्याचीही सक्ती नाही. टेक्सासने २००३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मधेच नकाशा बदलला. ॲरिझोना, मिशिगन अशा राज्यांनी हे काम स्वतंत्र आयोगांकडे दिलंय. आयोवात कर्मचारी आखतात आणि आमदार फक्त हो-नाही म्हणतात.

चार सदस्यांच्या प्रभागात हे फोडणं-कोंबणं कसं चालतं तो वेगळा धागा होईल. पण सत्ता बदलली की प्रभागातल्या सदस्यांची संख्या बदलते, हे बघून तिकडचा माणूस फार चकित होणार नाही.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. अंतिम रचना लागल्यावर लक्षात आलं की आमच्या वस्तीतली काही नावं शेजारच्या गणाच्या यादीत गेलीत. आता रचनेची मुदत संपली, कोर्टात जावं लागेल का?

---

अनेरखोरे

नाही हो, ते रचनेचं प्रकरणच नाही. स्थानिक निवडणुकांना वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची ठराविक तारखेची यादी घेऊन ती गण-प्रभागानुसार फोडतात. २०२५ ला १ जुलैची यादी धरली होती. कोणता यादी भाग कुठे जाणार याचा कंट्रोल चार्ट असतो, आणि सीमेवरच्या वस्तीची नावं तिथेच भलतीकडे जातात. त्यासाठी प्रारूप मतदार यादीवर हरकत घ्यायची असते, तिची मुदत स्वतंत्र. हरकतीत नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि अंतिम रचनेतली तुमच्या गावाची ओळ, एवढं जोडा. एकाच वस्तीतली चाळीस नावं असतील तर चाळीस वेगळे अर्ज न करता तक्ता करून द्या, तपासणाऱ्याला एकदाच जागेवर जावं लागेल. इथे नवीन नाव घालता येत नाही किंवा वगळता येत नाही. फक्त चुकून दुसरीकडे गेलेलं नाव परत आणता येतं.

कोर्टाचं म्हणाल तर गट-गणांच्या रचनेबद्दल घटनेच्या कलम २४३-ओ मध्ये आणि नगरपालिकांसाठी २४३-झेडजी मध्ये न्यायालयांना आडकाठी आहे. तरी याचिका होतात, आपल्याकडच्या औरंगाबाद खंडपीठात जातात. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर न्यायालय सहसा हात घालत नाही. आणि सुनावणीला तुम्ही हजरच नव्हता असं निघालं तर तिथून पुढे बोलायला फार उरत नाही. म्हणून सुनावणीची नोटीस, हरकतीची पोच आणि दिलेल्या निर्णयाची प्रत, तिन्ही जपून ठेवा.

---

नकाशावाला

पोचवर तारखेसोबत आवक क्रमांक आहे ना ते खिडकीवरून हलण्यापूर्वी बघून घ्या. नुसता शिक्का मारून देतात, आणि सुनावणीच्या यादीत हरकत शोधतात ती आवक क्रमांकाने.